वीस खुर्च्यांची समिती आणि न संपणारी यादी

संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास स्टेशनबाहेर कुणीतरी ‘गाडी आली, गाडी आली’ म्हणून ओरडतं. पुढच्या मिनिटभरात ताडपत्र्यांची चारही टोकं एकत्र येतात, भेंडी-गवार-कोथिंबिरीसकट गाठोडी होतात आणि बाजूच्या गल्लीत दिसेनाशी होतात. अतिक्रमण विभागाची गाडी येते, एखादी रिकामी टोपली आणि मोडका स्टूल उचलून निघून जाते. दहा मिनिटांत ताडपत्री पुन्हा पसरलेली. बघणाऱ्यांतले निम्मे म्हणतात, ‘यांना एकदाचं हटवत का नाहीत?’ उरलेले निम्मे मुकाट्याने पाव किलो भेंडी घेतात. खरं सांगायचं तर ही दोन्ही माणसं पुष्कळदा एकच असतात.

मग अधूनमधून बातमी येते. ‘नगर पथविक्रेता समितीची पुनर्रचना’, ‘फेरीवाला समितीसाठी मतदान’, ‘समितीचा निकाल बंद लिफाफ्यात’. वाचणारा बुचकळ्यात पडतो. फेरीवाल्यांची निवडणूक? ती कशासाठी? आणि महापालिकेची एक समिती नव्याने बांधली काय, न बांधली काय, त्या ताडपत्रीला त्याचं काय?

संबंध आहे, आणि तो आपल्याला वाटतो त्याच्या बराचसा उलटा आहे. फेरीवाले नकोत असं ज्यांना वाटतं, त्यांनाच ही समिती धडपणे बसवण्याची सर्वांत जास्त घाई असायला हवी.

## हक्क आला कुठून

१९८५ मध्ये मुंबईतल्या फेरीवाल्यांचं प्रकरण सुप्रीम कोर्टात निकाली निघालं. तेव्हाच कोर्टाने महापालिकेला सांगितलं होतं की फेरीवाल्यांसाठी क्षेत्रं आखून द्या. मग १९८९ मध्ये दिल्लीच्या सोदान सिंग प्रकरणात कोर्टाने दोन गोष्टी एकत्र सांगितल्या. रस्त्यावर प्रामाणिकपणे धंदा करणं हे राज्यघटनेने दिलेल्या व्यवसायाच्या हक्कात बसतं, त्यावर वाजवी बंधनं घालता येतात. पण अमुकच कोपरा, तमुकच खांबाखालची जागा मला हवी, असा हक्क कुणालाही नाही.

इथेच खरी मेख आहे. धंद्याचा हक्क आहे, जागेचा नाही. एसटीत चढायचा हक्क सगळ्यांना आहे, खिडकीतून रुमाल टाकून धरलेल्या सीटचा मात्र नाही. मग सीट वाटायच्या कुणी? कंडक्टरने? आधी बसलेल्यांनी? उभ्या असलेल्यांनी?

पुढची पंचवीस वर्षं हाच प्रश्न घोळत राहिला. केंद्राने २००४ मध्ये एक धोरण आणलं, २००९ मध्ये ते बदललं. धोरण म्हणजे सद्‌भावना, त्याला कायद्याचे दात नसतात. २०१० मध्ये सुप्रीम कोर्टानेच सरकारला याबाबत कायदा करायला सांगितलं आणि अखेर २०१४ मध्ये पथविक्रेता कायदा झाला. तो लागू झाला १ मे २०१४ रोजी. कामगार दिनाचा मुहूर्त कुणी मुद्दाम काढला होता की नाही कोण जाणे, पण जमून आला खरा.

कायद्याच्या भाषेत ‘पथविक्रेता’ म्हणजे रस्त्यावर, फुटपाथवर किंवा अशाच सार्वजनिक जागी, तात्पुरत्या मांडणीवर किंवा फिरून, वस्तू अथवा सेवा विकणारा. त्यात भाजीवाली आली, वडापावची गाडी आली आणि चप्पल शिवून देणाराही आला. मुंबईत त्याला फेरीवाला म्हणतात, पुण्यात पथारीवाला. इथे मी फेरीवालाच म्हणणार आहे.

## समितीचं काम काय

या कायद्याची रचना आपल्याकडच्या लग्नासारखी आहे. मुहूर्त दिल्लीने काढला, बस्ता राज्य सरकारने बांधायचा, पण पंगतीत कुणाचं पान कुठे मांडायचं हे घरातल्याच माणसांनी बसून ठरवायचं. घरातली ती बैठक म्हणजे नगर पथविक्रेता समिती. सरकारी कागदांत तिलाच टाउन व्हेंडिंग कमिटी, थोडक्यात टीव्हीसी म्हणतात.

शहरात फेरीवाले किती आणि कोण, याचं सर्वेक्षण दर पाच वर्षांनी किमान एकदा करायचं. महापालिका ते या समितीच्या हातून करते. ज्यांची नोंद झाली त्यांना विक्री प्रमाणपत्र देणं आणि अटी मोडल्या तर ते रद्द करणं हे समितीचं काम. कुठला रस्ता फेरीवाला क्षेत्र, कुठला ना-फेरीवाला क्षेत्र, कुठे ठरावीक वेळेतच बसायचं, हे ठरवताना महापालिकेला समितीशी सल्लामसलत करावी लागते. एखाद्या ठिकाणी मुळातच बाजार भरत आला असेल, पिढ्यान्‌पिढ्या गिऱ्हाईक आणि विक्रेते तिथेच जमत असतील, तर तो ‘नैसर्गिक बाजार’ ठरवण्याची शिफारसही समितीनेच करायची. एकदा तसं ठरलं की त्या जागेला ना-फेरीवाला क्षेत्र करता येत नाही. तुमच्या घराजवळचा शनिवारचा बाजार आठवा, म्हणजे हे कलम किती वजनाचं आहे ते कळेल.

क्षेत्रात जागा कमी आणि माणसं जास्त निघाली तर काय? सोडत काढायची आणि उरलेल्यांना शेजारच्या क्षेत्रात बसवायचं. तीही समितीनेच.

म्हणजे ही समिती वर्षातून दोनदा चहा-बिस्किटं खाऊन उठणारी नाही. निदान कायद्याला तरी ती तशी अपेक्षित नाही.

## मग पुनर्रचना कशाची?

२०१४ च्या आधीही शहरांमध्ये अशा समित्या होत्या, पण त्यांत माणसं नेमलेली असत. आयुक्त, अधिकारी, पोलीस, आणि फेरीवाल्यांच्या वतीने प्रशासनाला माहीत असलेल्या संघटनांचे पुढारी. कायदा झाल्यावरही कित्येक ठिकाणी काम चालवायला अशाच तात्पुरत्या समित्या बसल्या. कायद्याने मात्र ढाचाच बदलला होता.

अध्यक्ष महापालिका आयुक्त, नगरपरिषदेत मुख्याधिकारी. समितीतले किमान चाळीस टक्के सदस्य फेरीवाले, आणि तेही फेरीवाल्यांनी आपल्यातून मतदानाने निवडलेले. त्यांपैकी एक तृतीयांश महिला. अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्ग, अल्पसंख्याक आणि दिव्यांग यांनाही प्रतिनिधित्व. स्वयंसेवी आणि वस्ती पातळीवरच्या संस्था किमान दहा टक्के. बाकीच्या खुर्च्यांवर महापालिकेचा आरोग्य अधिकारी, नियोजन प्राधिकरण, वाहतूक पोलीस, पोलीस, व्यापारी संघटना, बाजार संघटना, रहिवासी संघटना आणि बँका. यादी वाचताना वाटतं, शहरात जी जी माणसं रोज एकमेकांशी भांडतात त्यांना ठरवून एका टेबलाभोवती बसवलंय. हेतूही तोच होता म्हणा.

आठ फेरीवाले आणि बारा बाकीचे, अशी वीस जणांची समिती डोळ्यांसमोर आणा. मुंबईत एक शिखर समिती आणि सात परिमंडळांच्या सात, अशा आठ समित्या. प्रत्येकीत फेरीवाल्यांच्या आठ जागा, म्हणजे एकूण ६४. त्यासाठी २९ ऑगस्ट २०२४ रोजी मतदान झालं. कायदा लागू होऊन दहा वर्षं आणि जवळपास चार महिने उलटले होते.

‘पुनर्रचना’ या जाड शब्दाचा अर्थ एवढाच: नेमलेल्यांच्या जागी निवडलेले बसवणं. हे एक वाक्य अमलात यायला दशक का लागलं, हाच या विषयातला सगळ्यात मजेशीर आणि सगळ्यात चिडचिड करणारा भाग.

## कोंबडी आधी की अंडं

आपल्या हाउसिंग सोसायटीचं उदाहरण घेऊ. कमिटीची निवडणूक घ्यायची तर मतदार यादी लागते, म्हणजे सभासदांचं रजिस्टर लागतं. समजा बिल्डरने रजिस्टर दिलंच नाही. अर्ध्या फ्लॅटमध्ये भाडेकरू, चार फ्लॅटचे मालक परदेशात, दोन फ्लॅटवर भावाभावांचा वाद. रजिस्टर कोण करणार? कमिटी. कमिटी कोण निवडणार? रजिस्टरमधले सभासद. आता बसा.

फेरीवाल्यांचं नेमकं असंच झालं. प्रतिनिधी निवडायला मतदार हवेत. मतदार ठरवायला सर्वेक्षण हवं. सर्वेक्षण समितीने करायचं. आणि समितीत तर निवडून आलेले प्रतिनिधी हवेत! ही गाठ सोडवण्याचा मार्ग एकच, कुठून तरी सुरुवात करायची. आधी नेमलेली तात्पुरती समिती, तिच्याकडून पहिली यादी, त्या यादीवर निवडणूक. पण पहिली यादी नेमलेल्यांनी केली की जो यादीत नाही तो म्हणणार, ‘मला वगळणाऱ्या समितीत माझं कुणीच नव्हतं.’ आणि तो कोर्टात जाणार. जातोच. त्याच्या जागी मी असतो तर मीही गेलो असतो.

मुंबईचे आकडे बघा. २०१४ च्या सर्वेक्षणात सुमारे ९९ हजार अर्ज आले. छाननी होत होत २०२४ च्या मतदार यादीत नावं उरली ३२,४१५. अर्ज केलेल्यांपैकी साधारण तीनातला एक. बाकीच्यांचं काय झालं? कुणाची कागदपत्रं अपुरी पडली, कुणी अधिवासाच्या अटीत अडकलं. महाराष्ट्रातल्या नियमांत अधिवास प्रमाणपत्राची अट आहे. काही संघटनांच्या मते ती जाचक आहे, आणि ती हवीच म्हणणारेही कमी नाहीत.

फेरीवाला संघटनांचं म्हणणं होतं की अर्ज केलेल्या सगळ्यांनाच मतदार धरा. वाद उच्च न्यायालयात गेला. न्यायालयाने मतदान होऊ दिलं, पण पुढच्या आदेशापर्यंत निकाल जाहीर करू नका असं सांगितलं. त्यामुळे साधारण निम्म्या मतदारांनी धंदा बाजूला ठेवून मत दिलं आणि मतं सीलबंद झाली. गाडी बंद ठेवून रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाला त्या दिवसाच्या कमाईचं काय सांगायचं, याचं उत्तर कुठल्याच नियमावलीत नाही.

माझं मत विचाराल तर भांडण खुर्च्यांचं दिसतं, असतं मात्र यादीचं. यादी नीट झाली की खुर्च्या आपोआप नीट होतात. यादी लंगडी असेल तर कितीही चोख निवडणूक घ्या, तिच्यावर बसलेली समिती पहिल्याच सोडतीला लंगडते.

## अडीच टक्क्यांचं कोडं

कायद्यात एक आकडा आहे आणि तो फार चुकीच्या पद्धतीने सांगितला जातो. लोकसंख्येच्या अडीच टक्के. सर्वेक्षणात सापडलेल्या सगळ्या फेरीवाल्यांना क्षेत्रांमध्ये सामावून घ्यायचं, पण त्या प्रभागाच्या किंवा शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांच्या मर्यादेत.

२०११ च्या जनगणनेप्रमाणे मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाखांच्या वर होती. अडीच टक्के म्हणजे सुमारे ३ लाख ११ हजार. पुणे शहर होतं साडेएकतीस लाखांच्या आत, त्याचे अडीच टक्के ७८ हजारांच्या घरात. हा आकडा ऐकून लोक दोन टोकांना जातात. एक म्हणतो, ‘बापरे, एवढे फेरीवाले बसवणार?’ दुसरा म्हणतो, ‘बघा, आम्हाला तीन लाख जागा मिळायलाच हव्यात.’

दोघंही चुकतात. अडीच टक्के हे उद्दिष्ट नाही, कोटाही नाही. ती भांड्याची कड आहे. भांडं काठोकाठ भरलंच पाहिजे असं कड कधी सांगत नाही. शिवाय प्रत्येक क्षेत्राची धारणक्षमता वेगळी. दादरच्या रानडे रोडला जितकी माणसं दाटीवाटीने बसतात तितकी एखाद्या अरुंद, शाळेसमोरच्या गल्लीत बसवायची म्हटली तर मुलांना शाळेत खिडकीतून जावं लागेल. क्षमता मोजायची, मग क्षेत्रं आखायची. त्याला समिती लागते. पुन्हा तिथेच आलो.

## ‘रस्ता चालणाऱ्यांचा आहे, त्यात फेरीवाल्यांचं मत कशाला?’

हा आक्षेप खोटा नाही. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरी झाली, २३ माणसं गेली. पाऊस, अरुंद पूल, गर्दीची वेळ अशी कारणं एकात एक अडकलेली होती, पण त्यानंतर स्टेशनांच्या आजूबाजूच्या फेरीवाल्यांवर सगळ्यांचं लक्ष गेलं. १ नोव्हेंबर २०१७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने रेल्वे स्थानकांपासून १५० मीटर आणि शाळा-कॉलेजं, प्रार्थनास्थळं, रुग्णालयांपासून १०० मीटरपर्यंत फेरीवाल्यांना मनाई कायम ठेवली. आपल्या स्टेशनबाहेर फुटपाथवर पिवळ्या रेषा दिसल्या असतील, तर त्यांचा उगम इथे आहे.

म्हणजे चालणाऱ्यांचा हक्क कायद्याबाहेर ठेवलेला नाही. प्रश्न अंमलबजावणीचा आहे. १५० मीटरची रेषा ओढली, पण रेषेपलीकडे जायचं कुठे हे सांगितलं नाही तर माणूस रेषेवरच उभा राहतो, एक डोळा गाडीवर ठेवून. त्याला ‘तुझी जागा ही’ असं सांगता आलं तरच ‘तुझी जागा ही नव्हे’ या वाक्याला जोर येतो.

इथे एक बारीक पण महत्त्वाचं कलम आहे. कायदा म्हणतो की सर्वेक्षण पूर्ण होऊन सगळ्यांना प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कुणालाही हटवायचं नाही. हे कलम किती ताणायचं यावर न्यायालयांत पुष्कळ खल झाला आहे. पण सर्वेक्षण अर्धवट असलं की हटवलेला प्रत्येक जण हे कलम हातात धरून कोर्टाची पायरी चढू शकतो, यात शंका नाही. समिती जितकी रखडते तितकी प्रत्येक कारवाई कायदेशीरदृष्ट्या कच्ची राहते. मोकळा फुटपाथ हवा असणाऱ्यांनी समितीच्या नावाने बोटं मोडणं म्हणजे ज्या फांदीवर बसायचंय तीच कापणं.

आणि यादी झाली की दुसरी बाजूही कडक होते. प्रमाणपत्र मिळालेल्याने धंदा स्वतः किंवा कुटुंबीयामार्फत करायचा. जागा भाड्याने द्यायची नाही, विकायची नाही. तो वारला किंवा कायमचा अपंग झाला तर आधी पती किंवा पत्नी, मग अवलंबून असलेलं मूल. आज पुष्कळ ठिकाणी जागा एकाची, गाडी दुसऱ्याची आणि उन्हात उभा राहणारा तिसराच, हे कुणाला माहीत नाही? नाव, फोटो आणि जागा कागदावर आली की हा तिघांचा खेळ अवघड होतो. त्यामुळे पक्की यादी नको असणाऱ्यांत रस्त्यावर कधी न दिसणारे काही जणही असतात, एवढंच म्हणतो.

## ‘चाळीस टक्के म्हणजे त्यांचंच राज्य’

गणित करा. वीसपैकी आठ. बहुमताला अकरा लागतात. अध्यक्षस्थानी आयुक्त, जो महापालिकेचा सर्वोच्च अधिकारी. उरलेल्या अकरांमध्ये पोलीस, वाहतूक, आरोग्य, नियोजन, व्यापारी, रहिवासी, बँका. आठ जण एकत्र राहिले तरी त्यांना बाहेरून तीन मतं मिळवावी लागतील. आणि आठ जण एकत्र राहतील हे कोण सांगतं? फळविक्रेता आणि कपडेवाला एकाच खांबासाठी भांडतात, हे मी रोज पाहतो.

उलट भीती खरी वाटते. आठ जणांना महापालिकेच्या कॉन्फरन्स हॉलमध्ये बसवलं, अजेंडा आदल्या रात्री हातात दिला, प्रेझेंटेशन अर्ध्या तासात उरकलं, तर ते आठ असोत की अठरा, मान डोलावण्यापलीकडे काय करणार? टक्केवारी कायद्याने मिळते. बोलण्याचा वकूब मिळतो कागद वेळेवर हातात पडल्याने. कायद्यात समितीला कार्यालय आणि कर्मचारी महापालिकेने द्यायचे असं स्पष्ट लिहिलंय. हे कलम मला फार आवडतं. समितीच्या फलकाखाली एक टेबल, एक माणूस आणि एक रजिस्टर, एवढं जरी नीट झालं तरी अर्धी भांडणं लेखी होतील.

निवडून येणार ते युनियनचे पुढारीच, असंही लोक म्हणतात. येतीलही. पण उमेदवार व्हायला आधी यादीतला फेरीवाला असावं लागतं. आणि निवडणुकीचं काम कामगार खात्याच्या अधिकाऱ्यांकडे असतं, महापालिकेच्या अतिक्रमण विभागाकडे नाही. हा बदल छोटा नाही.

## दुकानदाराचं काय?

दुकानदार भाडं, मालमत्ता कर, वीज, जीएसटी सगळं भरतो आणि त्याच्या शटरसमोर अर्ध्या किमतीत तोच टी-शर्ट विकला जातो. त्याचा राग समजण्यासारखा आहे. समितीत व्यापारी संघटनांची खुर्ची आहे ती याचसाठी. पुण्यात तुळशीबागेत किंवा लक्ष्मी रोडवर गेलात तर दुसरंही दिसतं. दुकानाला येणारी गर्दी पथारीमुळे असते आणि पथारीला येणारी गर्दी दुकानामुळे. कुठे हे जमतं आणि कुठे दुकानाचा दरवाजाच झाकला जातो, हे मंत्रालयात बसून कळत नाही. त्या रस्त्यावरच्या माणसांनाच ते ठाऊक असतं.

## ‘शेवटी सल्लाच ना?’

काही बाबतीत हो. क्षेत्रं, वेळा, शुल्क यांत अंतिम शब्द महापालिकेचा किंवा सरकारचा. समितीच्या निर्णयाविरुद्ध अपीलही महापालिकेकडेच जातं. पण प्रमाणपत्र देणं आणि काढून घेणं हा सल्ला नव्हे, तो अधिकार आहे. शिवाय जिथे कायदा ‘समितीशी विचारविनिमय करून’ म्हणतो तिथे विचारविनिमय न करता घेतलेला निर्णय कोर्टात टिकवणं कठीण. आईला विचारून ट्रिपला जायचं असेल तर तिची संमती लागतेच असं नाही, पण न विचारता गेलात तर परत आल्यावर काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे.

एक गोष्ट वारंवार गुलदस्त्यात राहते. माल जप्त झाला की फेरीवाल्याला त्याची यादी मिळायला हवी. शुल्क भरून मागणी केल्यावर टिकाऊ माल दोन कामाच्या दिवसांत आणि नाशवंत माल त्याच दिवशी परत द्यायचा. स्थलांतर करायचं असेल तर तीस दिवसांची नोटीस. आणि तक्रार ऐकायला वेगळी तक्रार निवारण समिती, जिचा अध्यक्ष निवृत्त दिवाणी न्यायाधीश किंवा न्यायदंडाधिकारी. म्हणजे हटवणारा आणि तक्रार ऐकणारा एकच नसावा, एवढी काळजी कायद्याने घेतली आहे.

## कागदाचा एक तुकडा

जून २०२० मध्ये, लॉकडाऊननंतर, केंद्राने पीएम स्वनिधी योजना आणली. फेरीवाल्यांना पहिलं कर्ज दहा हजारांचं. २०२५ मध्ये ते पंधरा हजार केलं, दुसरं पंचवीस आणि तिसरं पन्नास हजारांचं. सर्वेक्षणात ज्यांची नावं नव्हती त्यांना महापालिकेकडून किंवा समितीकडून ‘शिफारस पत्र’ घेऊन अर्ज करता आला. न संपणाऱ्या यादीच्या कडेने काढलेली ही पायवाट. गरजेपोटी काढली, पण कर्जापुरतं फेरीवाला मानणं आणि रस्त्यासाठी न मानणं, अशी एक विचित्र अवस्था त्यातून तयार झाली.

ज्यांच्याकडून मी भाजी घेतो त्या मावशींकडे असं पत्र आहे. वजनकाट्याखाली, प्लास्टिकच्या पिशवीत, घडीवर फाटत आलेलं. सर्वेक्षणाची माणसं आली तेव्हा त्या सासऱ्यांच्या वर्षश्राद्धाला गावी गेल्या होत्या. बावीस वर्षं त्याच कोपऱ्यावर, आणि नेमके ते चार दिवस नाहीत. निवडणुकीत मत दिलंत का विचारलं तर हसल्या. ‘यादीत नाव नाही, मत कसलं?’ पत्र दाखवून गाडी थांबते का, तेही विचारलं.

‘कधी थांबते, कधी नाही. पाव देऊ का अर्धा?’